विमान बदलताना शांघाय पाहायचे असेल तर

सुमारे पाच वर्षांच्या खंडानंतर नोव्हेंबर २०२५मध्ये दिल्ली–शांघाय ही थेट विमानसेवा पुन्हा सुरू झाली. परदेशी असलेल्या मुलांकडे जाण्यासाठी तिकिटे शोधणाऱ्यांना त्यामुळे एक जुना पर्याय परत मिळाला आहे. मुलीकडे अमेरिकेला जाताना आणि परत येताना आम्ही उभयता याच मार्गाने गेलो. जाताना पहाटे उतरून रात्री पुढचे विमान होते, तर येताना संध्याकाळी उतरून दुसऱ्या दिवशी दुपारी. दोन्ही वेळा आम्ही विमानतळाबाहेर पडलो आणि शहराचा एक लहानसा तुकडा पाहून आलो. पहिल्या वेळी निम्मा वेळ गोंधळात गेला, दुसऱ्या वेळी अजिबात गेला नाही. मधल्या काळात जे कळले, ते येथे क्रमाने लिहीत आहे.

१. नियम आपल्याला लागू होतो का, हे आधी पाहा

चीनमध्ये विमान बदलणाऱ्यांसाठी व्हिसाशिवाय प्रवेशाच्या दोन वेगवेगळ्या सवलती आहेत आणि बहुतेक घोटाळा त्या दोन एकच समजल्यामुळे होतो.

पहिली सवलत २४० तासांची, म्हणजे दहा दिवसांची. १७ डिसेंबर २०२४पासून ती या स्वरूपात लागू झाली. ती ठरावीक देशांच्या नागरिकांनाच मिळते. त्या यादीत अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया आहेत, भारत नाही. समाजमाध्यमांवर 'चीनमध्ये दहा दिवस व्हिसाशिवाय फिरा' असे जे सांगितले जाते, ते भारतीय पासपोर्टला लागू नाही.

दुसरी सवलत २४ तासांची, आणि ती भारतीय पासपोर्टवरही मिळते. तिच्या अटी अशा: तुम्ही एका देशातून चीनमध्ये येऊन तिसऱ्या देशात जात असले पाहिजे, पुढच्या विमानाचे निश्चित तिकीट हातात असले पाहिजे, आणि उतरण्यापासून पुढच्या उड्डाणापर्यंतचा काळ २४ तासांच्या आत असला पाहिजे. दिल्ली–शांघाय–लॉस एंजेलिस हा प्रवास चालतो, परतीचा लॉस एंजेलिस–शांघाय–दिल्ली हाही चालतो. दिल्ली–शांघाय–दिल्ली मात्र चालत नाही, कारण त्यात तिसरा देशच नाही. हाँगकाँग आणि मकाव यांना या हिशेबात वेगळा प्रदेश धरले जाते, त्यामुळे दिल्ली–शांघाय–हाँगकाँग असे तिकीटही बसते. थांबा २४ तासांहून एका तासाने जरी जास्त असला, तरी रीतसर व्हिसा आधी काढावा लागतो.

येथे तीन गोष्टी नीट लक्षात घ्याव्यात. पहिली, ग्रीन कार्डाचा किंवा ओसीआय कार्डाचा (परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्या लोकांना मिळते ते) या सवलतीशी काही संबंध नाही. पासपोर्ट कोणत्या देशाचा आहे एवढेच पाहिले जाते. आपल्याकडच्या अनेक कुटुंबांत नातवंडांचा पासपोर्ट अमेरिकेचा आणि आजी-आजोबांचा भारताचा असतो. अशा वेळी संपूर्ण कुटुंबाचा बेत २४ तासांच्याच हिशेबाने करावा. दुसरी, २४ तासांच्या सवलतीत विमानतळावर थांबणे सरळ आहे, पण बाहेर शहरात जायचे असेल तर तेथील सीमा तपासणी अधिकाऱ्याकडून तात्पुरता प्रवेश परवाना घ्यावा लागतो. तो देणे न देणे अधिकाऱ्याच्या हाती असते. आम्हाला तो दोन्ही वेळा मिळाला, तरीही 'मिळालाच नाही तर विमानतळावर बसू' अशी मनाची तयारी ठेवूनच निघावे आणि परत न मिळणाऱ्या पैशांची कोणतीही तिकिटे आधी काढू नयेत. तिसरी, नियम बदलत राहतात, म्हणून तिकीट काढण्याच्या आठवड्यात चिनी दूतावासाच्या संकेतस्थळावर एकदा नजर टाकावी.

२. तास उलटे मोजा

'आपल्याकडे दहा तास आहेत' असे म्हणताना ते सगळे दहा तास आपले नसतात. हिशेब पुढच्या उड्डाणापासून मागे करत यावा. उड्डाणाच्या तीन तास आधी विमानतळावर परत पोहोचायचे. शहरातून परत यायला एक तास, जायला एक तास. विमान उतरल्यापासून परवाना घेऊन बाहेर पडेपर्यंत दीड ते दोन तास. म्हणजे जवळजवळ सात तास विमानतळाला आणि रस्त्याला द्यावे लागतात. थांब्याच्या तासांतून सात वजा करा. जे उरतील ते शहराचे.

आठ तासांच्या थांब्यात हातात एक तास उरतो. एका तासासाठी ही सगळी धावपळ करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. दहा तास असतील तर एक ठिकाण, बारा-तेरा असतील तर दोन ठिकाणे.

तासांइतकेच महत्त्व ते तास दिवसाच्या कोणत्या वेळी येतात याला आहे. रात्री अकराला उतरून सकाळी नऊला निघणार असाल तर कागदावर दहा तास दिसतात, पण त्या वेळात पाहण्यासारखे काही उघडे नसते. तेव्हा विमानतळाजवळच्या हॉटेलात झोपावे. थांबा लांब असेल तर काही विमान कंपन्या हॉटेलची सोय करतात, म्हणून तिकीट काढतानाच तशी चौकशी करावी. चीनचे घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास पुढे असते, हेही हिशेबात धरा. आमच्या पहिल्या प्रवासात यजमानांच्या मनगटावरचे घड्याळ दुपारपर्यंत पुण्याचीच वेळ दाखवत होते.

वर्षातले काही दिवस टाळावेत. १ ऑक्टोबरपासूनचा राष्ट्रीय दिनाचा आठवडा आणि चिनी नववर्षाच्या सुट्ट्या या काळात ह्वांगपू नदीच्या काठावर, म्हणजे वायटान या शहरातल्या मुख्य प्रेक्षणीय ठिकाणी, मुंगी शिरायला जागा नसते. ३१ डिसेंबर २०१४च्या रात्री याच नदीकाठी चेंगराचेंगरी होऊन ३६ जणांचा मृत्यू झाला होता. तेव्हापासून गर्दीच्या दिवशी पोलिसांचा बंदोबस्त कडक असतो, आणि दहा मिनिटांच्या चालीला तास लागू शकतो.

३. घरून निघण्यापूर्वीची तयारी

पुढील कागद छापून एका पारदर्शक पाकिटात घ्यावेत. फोनवर दाखवता येतात हे खरे, पण नेमक्या वेळी फोन उघडत नाही.

– पासपोर्ट (पुरेशी मुदत आणि कोरी पाने असलेला)
– पुढच्या प्रवासाचे निश्चित तिकीट. शक्य असेल तर पुढचा बोर्डिंग पासही भारतातूनच घ्यावा
– ज्या देशात जाणार तेथील वैध व्हिसा
– शहरात कोठे जाणार याची चार ओळींची इंग्रजी टिपणी
– रात्रीचा मुक्काम असल्यास हॉटेलचे नाव व पत्ता, चिनी लिपीसह

प्रवेशाचे माहितीपत्रक आता आधी ऑनलाइनही भरता येते. ते भरून ठेवले तर पहाटे डोळे चोळत कागदावर लिहिण्याची वेळ येत नाही.

दोन्ही प्रवास एकाच तिकिटावर असतील तर मोठ्या बॅगा शेवटच्या ठिकाणापर्यंत परस्पर जातील का, हे भारतातल्या काउंटरवरच विचारून घ्यावे आणि बॅगेच्या चिठ्ठीवर शेवटच्या विमानतळाचे नाव आहे याची खात्री करावी. दोन स्वतंत्र तिकिटे असतील तर बॅगा शांघायमध्ये काढून पुन्हा द्याव्या लागतील आणि त्यासाठी आणखी एक तास धरावा लागेल. शिवाय शांघायला दोन विमानतळ आहेत: पूर्वेचा पुदोंग आणि पश्चिमेचा होंगछ्याओ. स्वस्त तिकिटाच्या नादात एकावर उतरून दुसऱ्यावरून उडण्याचा योग येऊ नये, म्हणून तिकिटावरील विमानतळाचे नाव नीट वाचावे. दोन्ही विमानतळांना जोडणारी वेगवान रेल्वे डिसेंबर २०२४मध्ये सुरू झाली आहे, पण ती शहराच्या मध्यातून जात नाही. पर्यटनाला तिचा उपयोग नाही.

आता फोन. चीनमध्ये गूगल, व्हॉट्सअॅप, फेसबुक, इन्स्टाग्राम, यूट्यूब यांपैकी काहीही स्थानिक इंटरनेटवर चालत नाही. विमानतळाच्या वायफायवर मुलीला 'पोहोचलो' असे कळवू, हा आमचा बेत त्यामुळे फसला आणि ती तिकडे चार तास काळजीत राहिली. भारतीय सिमवर आंतरराष्ट्रीय रोमिंग घेतले किंवा परदेशी ई-सिम टाकले तर बहुधा ही अॅप चालतात, कारण त्या जोडणीचा मार्ग चीनबाहेरून जातो. नकाशाबाबत एक गंमत सांगते. चीनमधील नकाशे वेगळ्या अक्षांश-रेखांश पद्धतीवर बेतलेले असतात, त्यामुळे गूगलच्या नकाशावर आपली जागा काही शे मीटर सरकलेली दिसते. आम्ही रस्त्यावर उभे होतो आणि फोन आम्हाला नदीत दाखवत होता. अॅपलचा नकाशा किंवा 'अॅमॅप' हे चिनी अॅप बरोबर चालते. भाषांतराच्या अॅपमधील चिनी भाषा घरीच उतरवून घ्यावी, म्हणजे ती इंटरनेटशिवाय चालते.

शेवटी पैसे. येथे यूपीआय चालत नाही आणि रुपे कार्डावर विसंबू नये. स्थानिक लोक भाजीवाल्यापासून मॉलपर्यंत सगळीकडे अलीपे किंवा वीचॅट या फोनवरच्या अॅपने पैसे देतात. वीचॅटवर भारतात जून २०२०पासून बंदी आहे, त्यामुळे तो मार्ग भारतातून निघणाऱ्यांसाठी मिटलाच आहे. अलीपेमध्ये परदेशी व्हिसा किंवा मास्टरकार्ड जोडता येते आणि २०० युआनपर्यंतच्या व्यवहाराला जादा शुल्क पडत नाही. ते परदेशातल्या मुलांच्या मदतीने आधी जोडून पाहावे. बँकेच्या अॅपमध्ये कार्डाचा आंतरराष्ट्रीय वापर चालू केलेला असला पाहिजे, आणि ओटीपी येण्यासाठी भारतीय सिम फोनमध्ये जागे असले पाहिजे. पहिल्या खेपेस आमचा ओटीपी आलाच नाही. तेव्हा विमानतळावरच्या एटीएममधून काढलेले ३०० युआन कामी आले. एक युआन म्हणजे साधारण १२-१३ रुपये. रोख रक्कम नाकारणे तेथे कायद्याने चालत नाही, तरी सुटे पैसे देताना दुकानदाराची धांदल उडते, म्हणून लहान नोटा घ्याव्यात.

४. उतरल्यावर कोणत्या रांगेत जायचे

विमानातून बाहेर आल्यावर दोन दिशा दिसतात. एकीकडे आंतरराष्ट्रीय बदलीच्या प्रवाशांचा मार्ग आणि दुसरीकडे प्रवेशाचा. बाहेर जायचे असेल तर बदलीच्या मार्गाला लागू नका. आपण 'ट्रान्झिट'चे प्रवासी म्हणून सवयीने तिकडेच पाय वळतात, आणि एकदा आत गेले की परत फिरणे कटकटीचे होते.

प्रवेशाच्या दालनात २४ किंवा २४० तासांच्या व्हिसामुक्त ट्रान्झिटचा वेगळा काउंटर शोधा. पाटी इंग्रजीतही असते. नेहमीच्या परदेशी प्रवाशांच्या रांगेत अर्धा तास उभे राहून मग 'तिकडे जा' असे ऐकून घेण्यापेक्षा आधीच एखाद्या कर्मचाऱ्याला पासपोर्ट आणि पुढचे तिकीट दाखवून विचारणे शहाणपणाचे.

अधिकारी पुढच्या विमानाचे तिकीट आणि पुढच्या देशाचा व्हिसा पाहतो, कोठे जाणार असे विचारतो. थोडक्यात आणि सरळ उत्तर द्यावे. 'वायटान पाहणार, जेवणार आणि अमुक वाजता परत येणार' एवढे पुरते. ओळखीच्या कोणाला भेटायचे आहे, जमले तर शेजारच्या शहरात जाऊ, असली मोघम उत्तरे देऊ नयेत. बोटांचे ठसे मागितले तर यंत्रावर द्यावेत. परवाना पासपोर्टवर उमटतो. त्यावरची तारीख तेथेच वाचून घ्या, कारण चूक असेल तर दुरुस्तीची जागा तीच.

इमिग्रेशनसंबंधी अडचण आल्यास १२३६७ हा चौकशी क्रमांक चोवीस तास चालतो आणि इंग्रजीतही उत्तर मिळते. पोलिसांचा क्रमांक ११० आणि रुग्णवाहिकेचा १२० आहे.

५. शहरात कसे जायचे

हातातली लहान बॅग जड असेल तर ती विमानतळावरच्या सामानघरात ठेवावी. मेट्रोच्या प्रत्येक स्थानकात बॅग यंत्रातून तपासून घ्यावी लागते, आणि पाठीवर ओझे घेऊन दिवसभर चालणे साठीनंतर जमत नाही.

पुदोंग विमानतळ शहराच्या मध्यापासून सुमारे ३० किलोमीटर पूर्वेला आहे. जाण्याचे तीन मार्ग आहेत.

मॅग्लेव्ह ही चुंबकीय बळावर रुळांपासून किंचित वर तरंगत धावणारी गाडी. जर्मन तंत्रज्ञानाची ही गाडी प्रवाशांसाठी नियमितपणे २००४पासून धावत आहे. पूर्वी ती ताशी ४३१ किलोमीटरचा वेग गाठत असे; २०२१पासून तो ३०० वर आणला आहे. ३० किलोमीटर अंतर ती आठ मिनिटांत कापते. एकेरी तिकीट ५० युआन आहे, त्याच दिवसाचे विमानाचे तिकीट दाखवले तर ४०. म्हणून बोर्डिंग पास बाहेरच ठेवा. सापळा असा की ती शहराच्या मध्यापर्यंत जातच नाही. लोंगयांग रोड या स्थानकात उतरून पुढे मेट्रोची दोन नंबरची मार्गिका पकडावी लागते. शिवाय ती सकाळी सातच्या सुमारास सुरू होते आणि रात्री पावणेदहाच्या सुमारास शेवटची गाडी सुटते.

मेट्रोची हीच दोन नंबरची मार्गिका थेट विमानतळापासूनही निघते. ती सकाळी सहापासून मिळते, भाडे साधारण सात-आठ युआन, आणि वायटानजवळच्या ईस्ट नानजिंग रोड स्थानकापर्यंत तासाभराहून थोडा अधिक वेळ लागतो. स्थानकांची नावे इंग्रजीत लिहिलेली आणि पुकारलेली असतात, त्यामुळे चुकण्याचे भय नाही. तिकीटयंत्रावर इंग्रजी पर्याय आहे. बाटलीतले पाणी सोबत असेल तर तपासनीस एक घोट पिऊन दाखवायला सांगतो, त्यात अपमान मानू नये.

टॅक्सीला दिवसा साधारण दीडशे ते दोनशे युआन पडतात. ती अधिकृत रांगेतूनच घ्यावी. दालनात जवळ येऊन 'टॅक्सी, टॅक्सी' म्हणणाऱ्यांकडे पाहूही नये.

माझी शिफारस अशी: जाताना मॅग्लेव्ह आणि मेट्रो, कारण तो अनुभवच एक प्रेक्षणीय स्थळ आहे, येताना सरळ मेट्रो, कारण थकल्यावर मध्ये गाडी बदलायला नको वाटते. रात्री दहानंतर मात्र मेट्रोच्या भरवशावर राहू नये, टॅक्सीचे पैसे बाजूला काढून ठेवावेत.

६. काय पाहायचे

एकच ठिकाण पाहायचे तर वायटान. जगाला ते 'बंड' या नावाने माहीत आहे. हा शब्द आपल्याला परका नाही. नदीकाठच्या बांधाला म्हणायचा हा शब्द फारसी-हिंदुस्थानीतून इंग्रजांच्या तोंडी बसला आणि त्यांच्याबरोबर शांघायला गेला. मुळा-मुठेवरच्या बंधाऱ्यामुळे पुण्याच्या बागेला 'बंड गार्डन' म्हणतात, तोच हा बंड. पुण्याचा तो बंधारा ज्यांच्या देणगीतून बांधला गेला, त्या सर जमशेटजी जीजीभाईंची संपत्तीही चीनशी केलेल्या व्यापारातून, त्यातही मोठ्या प्रमाणात अफूच्या व्यापारातून आली होती.

ईस्ट नानजिंग रोड स्थानकात उतरून पूर्वेकडे दहा मिनिटे चालले की ह्वांगपू नदी समोर येते. काठाने सुमारे दीड किलोमीटर दगडी इमारतींची रांग आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून विसाव्या शतकाच्या पूर्वार्धापर्यंत परकीय बँका आणि व्यापारी पेढ्या येथे होत्या. फोर्टातून चालताना जे वाटते, तसेच काहीसे येथे वाटते.

नानजिंग रोडच्या तोंडाशी हिरव्या पिरॅमिडसारख्या छताची जी इमारत दिसते, तिच्यापुढे पुण्या-मुंबईच्या माणसाने पाच मिनिटे थांबलेच पाहिजे. आज तिला पीस हॉटेल म्हणतात. १९२९मध्ये ती उभी राहिली तेव्हा ती ससून हाउस होती आणि तिच्यातले हॉटेल कॅथे. बांधणारे व्हिक्टर ससून हे डेव्हिड ससून यांचे पणतू. बगदादहून मुंबईत आलेल्या डेव्हिड ससून यांच्याच देणगीतून पुण्याचे ससून रुग्णालय उभे राहिले आणि पुण्याच्या लाल देवळाच्या आवारात त्यांची समाधी आहे. मुंबईचा ससून डॉक त्यांच्या मुलाने बांधला. अफू, कापूस आणि कापड यांवर हे घराणे वाढले. व्हिक्टर मुंबईत गिरणीमालक होते, आणि १९२०च्या दशकात त्यांनी आपल्या भांडवलाचा मोठा भाग मुंबईतून काढून शांघायला नेला. ज्या नावाने आम्ही आयुष्यभर रुग्णालयाची बस पकडली, त्या नावाचा माणूस येथे चीनमधली सर्वांत दिमाखदार इमारत बांधून बसला होता, हे तेथे उभे राहून वाचताना अंगावर काटा आला. हॉटेलच्या तळमजल्यावरच्या दालनात शांतपणे डोकावता येते.

थोडे दक्षिणेला गेल्यावर घुमटाची मोठी इमारत लागते. ती १९२३ची, हाँगकाँग अँड शांघाय बँकेची. आता तेथे एक चिनी बँक आहे. बँकेच्या वेळात आत जाऊन मान वर करावी. घुमटाच्या आतल्या बाजूला जगातल्या आठ शहरांची मोझेक चित्रे आहेत आणि त्यांत लंडन, पॅरिस, न्यूयॉर्कच्या बरोबरीने कलकत्ताही आहे. छायाचित्रे काढू देत नाहीत, तेव्हा डोळे भरून पाहावे. तिच्या शेजारची घड्याळाच्या मनोऱ्याची इमारत म्हणजे १९२७चे कस्टम हाउस.

नदीपलीकडे लुजियाझुई या भागातले मनोरे दिसतात. गुलाबी गोलांचा ओरिएंटल पर्ल ४६८ मीटरचा. बाटलीचे झाकण उघडण्याच्या साधनासारखा दिसतो तो ४९२ मीटरचा फायनान्शियल सेंटर, आणि पिळा दिल्यासारखा सर्वांत उंच, ६३२ मीटरचा, १२८ मजल्यांचा शांघाय टॉवर. थोड्या वेळासाठी आलेल्यांनी यांवर चढण्याचा मोह टाळावा, असे मी सांगेन. रांगेत तास जातो, तिकीट महाग असते आणि ढग खाली असतील तर वर फक्त पांढरे धुके दिसते. मनोरे पाहायचे ते अलीकडच्या काठावरून. संध्याकाळी दोन्ही काठांवर दिवे लागतात आणि रात्री दहाच्या सुमारास ते बंद होतात. परतीच्या खेपेला आम्ही साडेनऊला पोहोचलो आणि अर्ध्या तासात समोरचे मनोरे एकेक करून काळोखात गेले. संध्याकाळी उतरणाऱ्यांनी आधी जेवण करत बसू नये, आधी दिवे पाहावेत.

पलीकडे गेलात आणि परत येताना नदी ओलांडायची असेल तर पर्यटकांसाठीच्या महागड्या भुयारी डब्यापेक्षा नेहमीची फेरी बोट घ्यावी. तिकीट दोन युआन. पलीकडच्या डोंगचांग रोड धक्क्यावरून ती निघते आणि वायटानच्या दक्षिणेला उतरवते. कामावरून घरी जाणारी माणसे, त्यांच्या विजेवरच्या स्कूटर आणि पाण्याचा वारा. भाऊच्या धक्क्याची आठवण येते.

दुसरे ठिकाण जमत असेल तर यूयुआन बाग. मिंग राजवटीतल्या फान युन्तुआन या अधिकाऱ्याने वडिलांच्या सुखासाठी ती १५५९मध्ये बांधायला घेतली आणि १५७७मध्ये ती पूर्ण झाली. जागा जेमतेम दोन हेक्टर, पण भिंती, तळी आणि खडक अशा खुबीने मांडले आहेत की ती तिप्पट वाटते. छिद्राछिद्रांचा एक उंच खडक तेथील मानाचा मानला जातो. तिकीट ३०–४० युआनच्या दरम्यान, वेळ साधारण सकाळी नऊ ते दुपारी साडेचार. सोमवारी जाणार असाल तर बाग उघडी आहे ना, ते आधी पाहावे. बागेबाहेरचा नागमोडी पूल आणि बाजार संध्याकाळीही पाहता येतात, आणि त्यांना तिकीट नाही. वायटानहून येथे वीस-पंचवीस मिनिटांत चालत येता येते.

याहून अधिक काही यादीत घालू नये. वस्तुसंग्रहालये, मंदिरे, दूरची जलनगरी, हे सगळे पुढच्या वेळी, रीतसर व्हिसा काढून.

७. जेवण

शाकाहारी माणसाची येथे उपासमार होत नाही, फसगत होते. भाजीच्या पदार्थात डुकराची चरबी किंवा मांसाचा रस असू शकतो, आणि 'भाजी' म्हटल्यावर स्वयंपाक्याला त्यात वावगे वाटत नाही. 'वो छी सू' म्हणजे 'मी शाकाहारी आहे'. हे वाक्य चिनी लिपीत लिहून फोनच्या पडद्यावर ठेवा आणि दाखवा. उच्चारावर विसंबू नका. वाफवलेल्या पावांच्या गाड्यांवर मशरूम आणि पालेभाजीचे सारण असलेला पाव मिळतो. शांघायची प्रसिद्ध श्याओलोंगपाओ मोदकासारखी दिसते आणि तिच्या कळ्या पाहून आपल्याला प्रेम वाटू लागते, पण आत डुकराचे मांस असते. पश्चिम नानजिंग रोडवर कुंगदलिन नावाचे शाकाहारी उपाहारगृह १९२२पासून आहे. बौद्ध पद्धतीचा शुद्ध शाकाहार हवा असेल तर ते उत्तम.

नळाचे पाणी पिऊ नये. विमानतळावर आणि स्थानकांवर उकळत्या पाण्याचे नळ असतात, म्हणून स्टीलची बाटली आणि चहाच्या पुड्या सोबत असाव्यात. कागदी रुमालही असावेत, कारण सार्वजनिक स्वच्छतागृहात ते असतीलच असे नाही.

८. फसवणुकीचा एक जुना प्रकार

शांघाय हे एरवी अत्यंत सुरक्षित शहर आहे. पण नानजिंग रोड आणि पीपल्स स्क्वेअरच्या परिसरात दोन-तीन हसतमुख तरुण-तरुणी उत्तम इंग्रजीत बोलायला येतात, आपले छायाचित्र काढून द्यायला सांगतात, मग 'जवळच पारंपरिक चहाचा समारंभ आहे, आम्ही तेथेच चाललो आहोत' असे म्हणून सोबत चलायचा आग्रह करतात. तेथे चार घोट चहाचे हजारो रुपयांचे बिल समोर येते. आम्हालाही अशी एक जोडी भेटली. छायाचित्र काढून दिले, आभार मानले आणि चालू लागलो. कोणालाही दुखवण्याची गरज नाही, फक्त पाय थांबवू नयेत.

९. परत येताना

ठरवलेल्या वेळी निघा, समोर काहीही असले तरी. सकाळ-संध्याकाळच्या गर्दीच्या वेळी दोन नंबरची मार्गिका दादरच्या लोकलइतकी भरते, आणि एखादी गाडी सोडावी लागली तर दहा मिनिटे जातात.

विमानतळावर दोन मुख्य टर्मिनल आहेत. पुढचे विमान कोणत्या टर्मिनलवरून आहे ते सकाळी बाहेर पडतानाच पाहून ठेवावे. सामानघरातली बॅग ज्या टर्मिनलमध्ये ठेवली तेथूनच घ्यावी लागते, हेही विसरू नये. मग बाहेर जाण्याची इमिग्रेशनची रांग आणि सुरक्षा तपासणी. बाजारातून घेतलेल्या १०० मिलिलीटरहून मोठ्या बाटल्या येथे काढून घेतात. पॉवर बँक हातातल्या बॅगेतच ठेवावी. तिच्यावर क्षमता स्पष्ट छापलेली नसेल तर तीही जाते. आमची गेली.

बोर्डिंग पासवरचा गेट मुख्य टर्मिनलपासून लांब, वेगळ्या असलेल्या उपग्रह (सॅटेलाइट) इमारतीत असेल, तर तेथे जायला विमानतळाच्या आतली स्वयंचलित गाडी घ्यावी लागते. तिच्यासाठी आणखी पंधरा-वीस मिनिटे वेगळी ठेवा आणि चहा पलीकडे पोहोचल्यावरच घ्या.